बोटभर तिरके

अर्पाड बालोगला कुणी "का?" विचारलेलं खपत नसे. एरवी माणूस वाईट नव्हता. शेजारच्या म्हातारीच्या दारातला बर्फ न सांगता उपसून द्यायचा, चर्चच्या जेवणावळीला दोन-दोनशे कोबीचे रोल वळू लागायचा, आणि बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे निमूटपणे भांडी घासली होती त्याने. पण एकदा का गाडीखाली शिरला, की त्याच्या अंगात काय संचारायचं देव जाणे! "आर्प, हे असं का केलंस रे?" असं वरून कुणी विचारलं, की खालून उत्तर ठरलेलं, "तुला काय करायचंय? तू गाडी चालव."

टोलेडो शहराच्या पूर्व भागात त्याचं दोन गाड्या मावतील एवढं दुकान होतं. तिथे फक्त सायलेन्सरचं काम व्हायचं, आणि तेही पळवायच्या गाड्यांचं. मोठ्या इंजिनाची गाडी असली, की तिच्या पोटाखालून जाणारा धुराचा पाइप नुसता थरथरत असतो. तो पाइप गाडीला थेट जोडला, तर ती सगळी थरथर वर आसनात येते, मग दातात, मग डोक्यात. म्हणून तो टांगायचा. एक सळई पाइपला, एक सळई गाडीला, आणि मध्ये दोन भोकांचा रबराचा ठोकळा. याला हँगर म्हणतात. दिसायला क्षुल्लक वस्तू, पण अर्पाडने तिच्यापायी अख्खं आयुष्य घातलं. आधी एकोणीस वर्षं रबराच्या कारखान्यात, जिथे यंत्रावर हे ठोकळे फाटेपर्यंत हलवायचे आणि किती लाख हेलकाव्यांना फाटले ते लिहून ठेवायचं. कारखाना बंद पडल्यावर हे दुकान.

नवी पोरं यायची, छाती काढून म्हणायची, "शर्यतीची गाडी आहे, रबरबिबर नको. सरळ वेल्ड मार."

"मारतो की," अर्पाड म्हणायचा. "तुझी कवळी पण वेल्ड करून देतो. दोन महिन्यांत लागेलच."

त्याची पद्धत बघण्यासारखी होती. इंजिन चालू ठेवून तो झाडूचा जुना दांडा घ्यायचा, एक टोक पाइपवर टेकवायचा, दुसरं आपल्या जबड्याच्या हाडाला. डोळे मिटून इंच-इंच पुढे सरकायचा. पाइप सगळीकडे सारखा थरथरत नाही. काही जागी तो जवळजवळ गप्प असतो. ती जागा सापडली, की खडूने खूण करायची आणि हँगर तिथेच लावायचा. त्याच्या हातची गाडी ऐंशी मैलांवर असली, तरी आरशात मागचा ट्रक स्पष्ट दिसायचा. दुसऱ्यांच्या गाड्यांत आरसा इतका थरथरायचा, की मागे ट्रक आहे की घर, कळायची सोय नाही.

पण त्याचे हँगर तिरके असायचे. सगळेच्या सगळे. गाडी थंड असताना खाली वाकून पाहिलं, तर प्रत्येक रबर खालच्या टोकाने बोटभर पुढे, इंजिनाकडे झुकलेलं. याला कारण होतं, आणि चांगलं भक्कम कारण होतं. पण सांगेल तर अर्पाड कसला!

दर सप्टेंबरात मॉमी गावाजवळच्या जत्रेच्या मैदानावर गाड्यांचं प्रदर्शन भरायचं. रंगाचं बक्षीस, इंजिनाचं बक्षीस, आणि एक बक्षीस गाडीच्या पोटाचं. त्यासाठी गाड्यांखाली मोठाले आरसे मांडून ठेवत, आणि ऑग्डेन फायफर नावाचे एक परीक्षक गवंड्याची पाणसळ घेऊन सरपटत आत जात. दरवर्षी त्यांच्या कागदावर एकच ओळ यायची: हँगर ओळंब्यात नाहीत, वजा तीन. दरवर्षी अर्पाडच्या हातची गाडी दुसरी यायची. अकरा वर्षं! पहिल्या वर्षी त्याने तो कागद फायफरसाहेबांच्या तोंडासमोर टराटरा फाडला होता. "सरळ करायला एक पाना पुरतो रे बाबा," असं खुद्द फायफरसाहेब त्याला म्हणाले होते, चांगल्या मनाने. अर्पाड म्हणाला, "तुमचं तोंड सरळ करायलाही तेवढंच पुरेल." आता अशा माणसाला कोण समजावणार?

त्याची बायको इलोना हे सगळं बघत आली होती. चौतीस वर्षं ती दुकानात होती. फोन घ्यायची, रबर मागवायची, नट आवळू लागायची, हात पुढे झाला की न विचारता नेमका पाना त्यात ठेवायची. प्रदर्शनाहून परतताना अर्पाड "मला काय पडलंय बक्षिसाचं" असं चार-चारदा म्हणायचा, आणि चारदा म्हणायचा म्हणजे किती पडलंय ते तिला बरोबर कळायचं.

यंदाचं शेवटचं वर्ष होतं. गुडघे पार गेले होते त्याचे. दुकान ऑक्टोबरात बंद करायचं ठरलं होतं. त्यामुळे मर्ल ब्रुगमनची गाडी त्याने जीव लावून केली. मर्ल त्याचा जुना दोस्त, कारखान्यातला जोडीदार, आता फोर्ट वेनला राहणारा. लाल, दोन दारांची कूपे, जुन्या जमान्यातली. इंजिन असं, की सुरू केलं तर खिडकीच्या काचा पुटपुटायच्या. चार वर्षं दोघं तिच्यावर खपले होते. प्रदर्शनाआधीच्या आठवड्यात ती अर्पाडच्या दुकानात होती. शुक्रवारी दुपारी तो गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेला, तेवढाच काय तो वेळ तिच्यापासून दूर. शनिवारी सकाळी मर्ल आणि त्याची बायको लवेडा आले आणि गाडी मैदानावर घेऊन गेले. दुकानापासून जेमतेम पंधरा मिनिटांचा रस्ता.

दुपारी दोन वाजता माइकवरून आवाज आला, "गाडीच्या पोटाचं पहिलं बक्षीस: मर्ल ब्रुगमन यांची लाल कूपे. काम, अर्पाड बालोग!"

अर्पाडच्या हातात कोलबास सॉसेजचं सँडविच होतं, ते तसंच राहिलं. मोहरी मनगटावर ओघळली. त्याला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. मग लोक पाठीवर थापा मारायला लागले, मर्लने त्याला जवळजवळ उचललं, आणि एकाहत्तर वर्षांचा हा हेकट माणूस चारचौघांत लहान मुलासारखा रडला. इलोनाही रडली. त्याने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि तिला तो हात सोडवतच नव्हता.

"अखेर शहाणपण सुचलं त्या फायफरला," मर्ल म्हणाला.

"मेल्यावर सुचलं असतं, त्यापेक्षा बरं," अर्पाड डोळे पुसत म्हणाला.

मर्ल आणि लवेडा तीनला फोर्ट वेनकडे निघाले; एका राहिलेल्या कामासाठी गाडी सोमवारी दुकानात परत यायची होती. हवा एकदम गार झाली होती, वारा बोचत होता. लवेडाने खिडकीची काच चढवली, आतून हात हलवला. गाडी गुरगुरत गेली. अर्पाड ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभा होता.

वीस-पंचवीस मिनिटांनी फायफरसाहेब त्याला शोधत आले. हातात गुणांचा कागद. "हा घे," म्हणाले, "हा फाडू नकोस हं. चौकटीत लाव. आणि बरं का आर्प, मला फार बरं वाटलं, शेवटी तू ऐकलंस."

"काय ऐकलं?"

"अरे, हँगर. सगळेच्या सगळे ओळंब्यात. मी स्वतः पाणसळ लावून बघितलं. एक केसभर फरक नाही!"

अर्पाडने कागद घेतला. तिथे लिहिलं होतं: हँगर, दहापैकी दहा. त्याने ती ओळ एकदा वाचली, परत वाचली. 

"गार असताना बघितलंत?"

"म्हणजे? सकाळपासून उभीच होती की गाडी."

 अर्पाडने खिशातून फोन काढला, मर्लला लावला. वाजत राहिला. लवेडाला लावला. वाजत राहिला. त्या गाडीच्या आवाजात फोन ऐकू येणार कुणाला! मग त्याने पोलिसांना लावला आणि ओरडूनच सांगितलं, "लाल गाडी, जुनी, दोन दारांची, चोवीस नंबरच्या रस्त्याने फोर्ट वेनकडे चाललीय. अडवा तिला. आत दोन माणसं आहेत, त्यांना बाहेर काढा. आत विषारी धूर जातोय. अहो, मला कसं माहीत काय विचारता, मला माहीत आहे!"

इलोना धावत आली होती.  अर्पाडच्या हातातून किल्ली खाली पडली. तिनेच ती उचलली, तीच चालवायला बसली, आणि त्यांचा जुना पिकअप मैदानाच्या फाटकातून धूळ उडवत बाहेर पडला.

"त्या गाढवाने सरळ केले," अर्पाड बोलायला लागला. "मर्लने! माझ्या पाठीमागे! बक्षिसासाठी! माझ्याबरोबर एवढी वर्षं रबरात काढली त्याने, आणि एवढी अक्कल नाही? भेटू दे, त्याचं मुंडकंच पिरगाळतो."

"सरळ केले तर काय होतं?" इलोनाने विचारलं. नजर रस्त्यावर होती.

एरवी त्याने ठरलेलं उत्तर फेकलं असतं. पण आज भीतीने त्याचं तोंड सुटलं होतं.

"पाइप तापला, की वाढतो," तो म्हणाला. "लोखंड आहे ते. नऊ फुटांचा पाइप बोटभर लांब होतो, आणि पुढे इंजिन असतं म्हणून मागेच सरकतो. मी गार असताना पुढे झुकवून ठेवतो, म्हणजे तापल्यावर सरळ होतात. सरळ करायचे, तर पुढच्या सांध्यातून अख्खा पाइप बोटभर मागे ओढावा लागतो. मग सांध्यात धरायला राहतं किती? नखाएवढं. वर तापून आणखी मागे सरकायला गेला, की पाइपचा मागचा बाक गाडीच्या सांगाड्यावर जाऊन आदळतो. रबर राहिलं बाजूलाच! सगळी थरथर जाते त्या अर्धवट सांध्यात. अर्ध्या तासात तो उघडतो. सांधा कुठे असतो, माहितीये? बरोबर चालवणाऱ्याच्या पायाखाली. गिअरच्या दांड्याच्या भोकातून धूर वर येतो. त्यातल्या विषारी वायूला वास नाही, काही नाही. माणसाला वाटतं, झोप येतेय."

इलोनाने "सकाळी मैदानापर्यंत आली तेव्हा?" एवढंच विचारलं.

"पंधरा मिनिटांत कुठे तापतोय पुरता!"

 पायाखालचा पेडल तिने पार तळाला नेला. चौतीस वर्षांत अर्पाडने तिला असं चालवताना पाहिलं नव्हतं. ट्रक ओलांडताना त्यानेच डोळे मिटले. नेपोलियन गाव मागे गेलं. लाल गाडी नाही. डिफायन्स आलं. नाही.

डिफायन्सच्या पुढे चार मैलांवर दिवे चमकताना दिसले. लाल गाडी रस्ता सोडून थेट मक्यात शिरली होती. उभं पीक दोन्ही बाजूंना आडवं झालं होतं. पोलिसांची एक तरुण बाई लवेडाला काखेत धरून ओढत बाहेर आणत होती. मर्ल आधीच गवतावर पडला होता, तोंड उघडं, एक बूट पायात नाही.  अर्पाड उतरला आणि मर्लजवळ गुडघ्यांवर बसला.

"श्वास आहे," पोलीसबाई ओरडल्या. "दोघांचाही आहे. उघडा त्यांची कॉलर!"

इलोनाने ती उघडली.  रुग्णवाहिका आली, दोघांच्या तोंडावर प्राणवायू चढला. मर्लने डोळे उघडले, ओकला, परत मिटले. लवेडाने उघडलेच नाहीत. तिला आत चढवताना तिचा हात खाली लोंबत होता. रुग्णवाहिका गेली.

"तुमचा फोन आला म्हणून मी या रस्त्याला लागले," पोलीसबाई अर्पाडला म्हणाल्या. "दहा मिनिटं इकडची तिकडे झाली असती ना साहेब, तर मी इथे नुसते कागद भरत बसले असते. या गाडीचं काम कुणी केलंय?"

"मी," अर्पाड म्हणाला. "म्हणजे, मी केलं होतं. त्याने नंतर बिघडवलं."

पोलीसबाई रेडिओवर बोलायला आपल्या गाडीकडे गेल्या. अर्पाड मोडलेल्या मक्यावर पाठीवर पडला आणि गुडघ्यांनी बोंब मारली तरी सरपटत गाडीखाली शिरला. पाइप अजून तापलेला होता. हात न लावता त्याने बघितलं. अगदी तो म्हणाला तसंच. सांधा उघडा, काळा, त्यात बोट जाईल एवढी फट. मागचा बाक सांगाड्याला घासून चकचकीत झालेला.

मग त्याने क्लॅम्प, म्हणजे सांधा आवळणारी पट्टी, बघितला आणि तिथेच थिजला.

क्लॅम्प फार छान आवळलेला होता. बोल्टचं आट्यांचं टोक वरच्या बाजूला, म्हणजे चिखल बसून गंजू नये. नटवर पिवळ्या रंगाचा एक ताजा ठिपका, हा नट आवळून झाला अशी खूण. जगात फक्त एका दुकानात नट असा आवळत आणि असा रंगवत. मर्लला हे ठाऊकही नव्हतं. अर्पाड त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहिला. क्षणभर त्याला वाटलं, आपणच केलं की काय? आपलंच डोकं फिरलं का? 

गाडीच्या कडेला इलोनाचे बूट येऊन थांबले. मग ती हळूच खाली बसली. मक्याच्या पानांत तिचा चेहरा दिसला.

"मर्ल नाही," ती म्हणाली. "मी."

त्याला कळेना, ती काय बोलतेय.

"शुक्रवारी. तू डॉक्टरकडे होतास. क्लॅम्प सैल केला, रबरी हातोडीने पाइप मागे आणला, सगळी रबरं सरळ झाली. मग परत आवळला. अर्धा तास लागला मला. फायफर म्हणाला होता ना, एक पाना पुरतो."

"तू?" एवढंच त्याच्या तोंडून आलं. "तू, इलोना?"

"शेवटचं वर्ष होतं रे. एकदा तरी माइकवर तुझं नाव ऐकायचं होतं मला." तिने मक्याचं एक पान बाजूला सारलं. "मला वाटलं, तुझा हट्ट आहे नुसता. तुझी ती नेहमीची खोड. मला वाटलं, सोमवारी गाडी परत आली की गुपचूप होतं तसं करून ठेवीन."

त्याच्या डोक्यात संतापाचा भडका उडाला. ओठ उघडले. जे तो चौतीस वर्षं सगळ्यांना म्हणत आला, तेच जिभेच्या टोकावर आलं: कळत नाही तर हात कशाला लावायचा?

"कळत नव्हतं मला," तीच म्हणाली, जणू तिला ऐकू गेलं. "कुठून कळणार? हजारो क्लॅम्प आवळले असतील मी तुझ्याबरोबर. प्रत्येक नट मला आवळता येतो. पण ते तिरके कशासाठी, हे तू मला आज सांगितलंस. पिकअपमध्ये. लवेडा मरत होती तेव्हा."

  अर्पाडने वर बघितलं, त्या उघड्या सांध्याकडे. किती जणांनी विचारलं होतं! फायफरने, मर्लने, त्या नव्या पोरांनी. दोन वाक्यांचं काम होतं. पाइप तापला की वाढतो, म्हणून झुकवतो. कारखान्यातल्या शिकाऊलाही कळलं असतं. आणि ती दोन वाक्यं त्याने सोन्याच्या बिस्किटासारखी दाबून ठेवली होती.

पोलीसबाई परत आल्या. "बाईंनी डोळे उघडले," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातून सांगितलं आत्ता. स्वतःचं नाव सांगता येत नाहीये अजून, पण उघडलेत."

इलोनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते. अर्पाडने खालून हात बाहेर काढला आणि तिच्या घोट्याला धरलं.

"इलोना, ये," तो म्हणाला. "आत ये. सगळं दाखवतो तुला. हे बघ, हा बाक कुठे टेकला ते बघ. तापल्यावर किती सरकतो, ते पण सांगतो. काय हवं ते विचार."

तिने पाय सोडवून घेतला. डोळे पुसले, आणि गाडीच्या दाराला धरून उभी राहिली.

"आता नको," ती म्हणाली. "आता मला सगळं माहीत आहे."

आणि मर्लला हे आपण स्वतःच सांगायचं म्हणून ती मक्यातून वाट काढत पिकअपकडे निघाली.